मायक्रोस्फिअरचा आकार आणि औषध सुटण्याचा वेग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या फार्मसी कॉलेजांत एम. फार्म.चा प्रकल्प करणारे आणि सातपूर, अंबड, सिन्नर पट्ट्यात फॉर्म्युलेशनमध्ये नव्याने आलेले, अशा दोघांना डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. पॉलिमर म्हणजे इथे मुख्यतः पीएलजीए, म्हणजेच लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिडचा कोपॉलिमर. आकडे छोट्या प्रयोगशाळेच्या मापातले आहेत. भांडे, पाते आणि पॉलिमरचा ग्रेड बदलला की तेही बदलतील.

मायक्रोस्फिअर म्हणजे नेमके काय, आणि आकारावर एवढा भर कशासाठी?

शरीरात हळूहळू विरघळून जाणाऱ्या पॉलिमरचा गोल कण, साधारण १ ते २०० मायक्रॉनचा, आणि त्याच्या अंगभर पसरलेले औषध. इंजेक्शनने स्नायूत किंवा त्वचेखाली दिला की आठवडे, महिने औषध सुटत राहते. ५० मायक्रॉनचे कण घेतले तर एका ग्रॅमात ते सुमारे एक कोटी अठरा लाख भरतात (पॉलिमरची घनता १.३ धरून). म्हणजे रुग्णाला दिलेला डोस ही एक वस्तू नसून गर्दी असते, आणि त्या गर्दीतला प्रत्येक जण आपल्या वेगाने औषध सोडतो. आपण आलेखावर काढतो ती रेषा या सगळ्यांची बेरीज.

आकार बदलला की एकाच वेळी चार गोष्टी बदलतात: पृष्ठभाग, औषधाला बाहेर यायला लागणारे अंतर, आत तयार होणाऱ्या आम्लाला बाहेर पडायला लागणारा वेळ आणि बनवतानाच कणात किती औषध अडकले ते. चारही एका दिशेने ओढत नाहीत. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

कण लहान म्हणजे औषध लवकर, हे सरसकट खरे का?

नाही. औषध मुख्यतः विसरणाने, म्हणजे डिफ्युजनने, बाहेर पडत असेल तरच हे खरे. तेव्हा लागणारा वेळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उदाहरणाला विसरण गुणांक सेकंदाला १०⁻¹⁵ चौरस मीटर धरा. त्रिज्येचा वर्ग भागिले हा गुणांक केला की १० मायक्रॉनच्या कणाला सुमारे ७ तास येतात, ५० मायक्रॉनच्या कणाला ७ दिवस आणि १०० मायक्रॉनच्या कणाला २९ दिवस. कण दहापट मोठा, वेळ शंभरपट. पृष्ठभागाचे गणित याहून सौम्य आहे: एक ग्रॅम कणांचा पृष्ठभाग १० मायक्रॉनला ०.४६ चौरस मीटर आणि १०० मायक्रॉनला ०.०४६.

पण पॉलिमर तुटल्याशिवाय औषध हलतच नसेल, तर हा वर्गाचा हिशेब कोलमडतो. पेप्टाइड किंवा मोठ्या रेणूंच्या बाबतीत बऱ्याचदा तसेच होते. मग वेळ ठरवतात ते पॉलिमरचे गुण: लॅक्टिक-ग्लायकोलिकचे प्रमाण, रेणुभार, साखळीच्या टोकाला मोकळे आम्ल आहे की ते एस्टरने झाकलेले आहे. ५०:५० पीएलजीए साधारण १ ते २ महिन्यांत संपतो, ७५:२५ ला ४ ते ५ महिने लागतात. झाकलेल्या टोकाचा ग्रेड मोकळ्या आम्लाच्या ग्रेडपेक्षा सावकाश तुटतो. आकाराला नंतर हात लावा, आधी आपले औषध कोणत्या वाटेने बाहेर पडते ते ओळखा.

पहिल्या दिवशीच ४० टक्के औषध निघून जाते. त्याचा आकाराशी संबंध आहे का?

बहुधा हो, आणि तो समजायला लासलगावचा कांदा पुरे. ६० मिमी व्यासाचा कांदा घ्या आणि ३० मिमीची गोल्टी घ्या. दोन्हींचा वरचा ३ मिमीचा थर काढून टाका. मोठ्या कांद्याचा २७ टक्के भाग गेला. गोल्टीचा ४९ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मा. सोललेला थर सारखाच, नुकसान दुप्पट.

मायक्रोस्फिअरमध्ये बाहेरच्या १ मायक्रॉनच्या थरातले औषध पहिल्या दिवशी निघून जाते असे धरा. तेव्हा १० मायक्रॉनच्या कणाचा ४९ टक्के ऐवज गेला, २० मायक्रॉनच्याचा २७, ५० मायक्रॉनच्याचा १२ आणि १०० मायक्रॉनच्याचा ६. तुमच्या बॅचमध्ये २० मायक्रॉनखालचा चुरा वजनाने चांगलाच असेल तर बर्स्ट, म्हणजे सुरुवातीलाच एकदम सुटणारे औषध, तिथूनच येतो आहे. २५ मायक्रॉनच्या चाळणीवर ओल्यातच धुवून तो काढा आणि रिलीज, म्हणजे औषध सुटण्याची चाचणी, पुन्हा लावा. बर्स्ट उतरला तर कारण सापडले.

उतरला नाही तर दोष आकारात नाही. मग औषध पृष्ठभागावर स्फटिकरूपात बसलेले असेल (सेमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, सुया किंवा पापुद्रे दिसतात), कण सच्छिद्र असतील किंवा लोडिंगच, म्हणजे कणातले औषधाचे प्रमाणच, इतके जास्त असेल की औषधाचे कण एकमेकांना टेकून आतून बाहेरपर्यंत वाट तयार झाली असेल. चाळून चाळून हा बर्स्ट जात नाही. त्यासाठी कृतीच बदलावी लागते.

आमचे १०० मायक्रॉनचे कण ३० मायक्रॉनच्या कणांपेक्षा लवकर संपले. प्रयोग चुकला का?

प्रयोग चुकला असेलच असे नाही. पीएलजीए पाण्याने तुटताना लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिडचे तुकडे तयार होतात. लहान कणातून ते चटकन बाहेर पडतात आणि बफरमध्ये शांत होतात. मोठ्या कणात ते मध्यभागी अडकतात, आतला पीएच ३ च्या आसपास किंवा त्याखालीही जातो, आणि ते आम्लच पुढच्या तुटण्याला हातभार लावते. मध्य आधी पोकळ होतो, कवच उरते, ते फुटले की उरलेले औषध एकदम बाहेर. द्राक्ष बाहेरून टणटणीत आणि आतून सडलेले असावे, तसा प्रकार.

म्हणून मोठ्या कणांच्या आलेखात बर्स्ट कमी, मग लांब सपाट भाग, आणि नंतर उभा चढ दिसतो. लहान कणांची रेषा जास्त गोलाईची असते. दोन्ही रेषा कुठेतरी एकमेकींना छेदतात. फक्त ७ दिवसांचे वाचन घेणाऱ्याला ‘लहान लवकर’ असे दिसते आणि ३० दिवस थांबणाऱ्याला ‘मोठे लवकर’. दोघेही आपल्या जागी बरोबर.

आम्लाने मोडणारे प्रोटीन किंवा पेप्टाइड असेल तर मोठ्या कणाचे हे आतले आम्ल औषधालाच खाते. एकूण सुटलेले औषध ७० टक्क्यांवर अडकले आणि पुढे सरकेना, तर उरलेल्या कणांतले औषध काढून मोजा आणि क्रोमॅटोग्राममध्ये नवे शिखर उगवले आहे का ते बघा. थोडे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड किंवा झिंक कार्बोनेट आत घालून आम्ल मारणे हा जुना उपाय आहे. मात्र त्याने पाणी जास्त आत ओढले जाते आणि रिलीजही बदलतो.

दोन बॅचचा डी५० सारखाच, ५० मायक्रॉन. तरी रिलीज वेगळा कसा?

डी५० म्हणजे ज्या आकाराखाली निम्मा माल येतो तो आकार. तो फक्त मध्य सांगतो. एक बॅच ४० ते ६० मध्ये दाटलेली असू शकते, दुसरी ८ पासून १४० पर्यंत पसरलेली. दोघींचा मध्य ५०. पसरलेल्या बॅचमधला चुरा पहिल्या दिवशी बर्स्ट देतो आणि मोठे कण शेवटी उशिरा चढ देतात. विचित्र असे की या दोन चुका एकमेकींना झाकतात आणि रेषा कधीकधी सरळ, अगदी हवी तशी दिसते. पुढच्या बॅचमध्ये पसारा बदलला की ती सरळ रेषा गायब होते.

अहवालात डी१०, डी५०, डी९० (१०, ५० आणि ९० टक्के माल ज्यांच्याखाली येतो ते आकार) तिन्ही द्या आणि स्पॅन काढा: डी९० वजा डी१०, भागिले डी५०. साध्या स्टररने केलेल्या इमल्शनमध्ये स्पॅन १ च्या वर सहज जातो. मेम्ब्रेन किंवा मायक्रोफ्लुइडिक पद्धतीने तो बराच खाली आणता येतो, पण ते उपकरण नसेल तर चाळणी हाच खरा मार्ग.

मायक्रोस्कोपमध्ये सगळे बारीक दिसतात आणि लेझर मशीन मोठा आकार सांगते. विश्वास कोणावर ठेवायचा?

दोघांवर. ते वेगवेगळी गोष्ट मोजतात. स्लाइडवर १० मायक्रॉनचे १००० कण आणि १०० मायक्रॉनचे फक्त १० कण आहेत असे धरा. मोजणीने ९९ टक्के कण बारीक. पण एका मोठ्या कणात हजार बारीक कणांएवढा माल असतो, त्यामुळे आकारमानाने ९१ टक्के माल त्या दहा कणांत आहे. औषधाचा डोस मालाबरोबर जातो, कणांच्या डोक्यांच्या संख्येबरोबर नाही. रिलीज समजून घ्यायला आकारमानावर आधारलेला आकडाच वापरा.

लेझरला देताना कण ०.१ टक्का ट्वीन ८० च्या (साबणासारखे काम करणारा पदार्थ) पाण्यात भिजवा, कोरडी पूड थेट पाण्यात टाकू नका. ती तरंगते आणि गुठळ्या कण म्हणून मोजल्या जातात. सोनिकेशन ३० सेकंदांपेक्षा जास्त नको. प्रत्येक वेळी एक थेंब स्लाइडवर बघाच. लेझरला जुळे कण आणि एक मोठा कण यांतला फरक कळत नाही, डोळ्याला कळतो.

हवा तो आकार मिळवायची साधी कृती सांगा.

पाण्यात न विरघळणाऱ्या औषधासाठी, सिंगल इमल्शन, म्हणजे पॉलिमरच्या द्रावणाचे पाण्यात बारीक थेंब करणे:

पीव्हीएचे, म्हणजे थेंब एकमेकांना चिकटू न देणाऱ्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे, द्रावण आदल्या दिवशी करून ठेवा. ८७ ते ८९ टक्के हायड्रोलाइज्ड ग्रेड, १ टक्का. गार पाण्यात ढवळत थोडा थोडा भुरभुरा, मग ८० ते ९० अंशांपर्यंत तापवा, पारदर्शक होईपर्यंत ठेवा, गार झाल्यावर उडालेले पाणी भरून काढा आणि गाळा. गरम पाण्यात एकदम टाकला तर पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात, त्या विरघळत नाहीत आणि चाळणीवर पॉलिमरच्या गुठळ्या समजून तुम्ही डोके धरून बसता.

४०० मिग्रॅ पीएलजीए आणि १०० मिग्रॅ औषध ४ मिली डायक्लोरोमेथेनमध्ये, म्हणजे डीसीएममध्ये, काचेच्या बंद बाटलीत विरघळवा. पॉलिस्टायरीनची नळी किंवा पेट्री डिश नको. डीसीएम ती विरघळवून टाकते. हे द्रावण ४० मिली पीव्हीएमध्ये, पाते फिरत असतानाच, बारीक धारेने सोडा. १० ते २० मायक्रॉन हवे असतील तर हाय स्पीड होमोजनायझर, ५० ते १०० हवे असतील तर ओव्हरहेड स्टरर. दोन मिनिटांनी सगळे २०० मिली ०.३ टक्का पीव्हीएमध्ये ओता आणि फ्यूम हूडमध्ये २५ अंशांना ३ ते ४ तास उघडे ढवळत ठेवा. मग ओल्यातच १२५ आणि २५ मायक्रॉनच्या चाळण्यांतून काढा, तीन वेळा १०० मिली शुद्ध पाण्याने धुवा, गोठवा, फ्रीझ ड्राय करा.

कण थेंबापेक्षा लहान होतो, कारण डीसीएम निघून जाते. किती लहान, हे गणिताने येते: मिलीलीटरमागे घन पदार्थाचे ग्रॅम भागिले घनता, आणि त्याचे घनमूळ. १० टक्के द्रावणाचा १०० मायक्रॉनचा थेंब ४२ मायक्रॉनचा कण होतो, २० टक्क्यांचा ५४. पॉलिमर वाढवला की कण मोठा होण्याचे हे एक कारण. दुसरे आणि जास्त वजनाचे कारण म्हणजे घट्ट द्रावण पात्याला फोडायला जड जाते.

डीसीएम नायट्राइल हातमोज्यातून काही मिनिटांत आरपार जाते. दोन जोड घाला आणि सांडले की वरचा लगेच बदला. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलावरून खाली उतरते. शरीरात गेलेल्या डीसीएमचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड बनतो, म्हणून ‘वास येत नाही, मग चालते’ हा हिशेब चुकीचा.

आरपीएम किती ठेवू?

या प्रश्नाला एक आकडा नाही, कारण आरपीएम हे भांड्याचे माप आहे, थेंबाचे नाही. पातळ द्रावणासाठी थेंबाचा आकार वेगाच्या साधारण १.२ घाताने घटतो: वेग दुप्पट केला तर थेंब ०.४४ पट. पॉलिमर घट्ट असेल तर घट याहून कमी होते. आपल्या भांड्यात ५००, ८०० आणि १२०० अशा तीन वेगांवर तीन बॅच करा आणि लॉग आलेखावर रेषा ओढा. हवा तो वेग त्यावर वाचता येतो. पात्याचा व्यास, ते तळापासून किती वर आहे आणि भांड्याचा व्यास वहीत लिहा. बॅच पुन्हा जमत नाही तेव्हा नेमकी हीच माहिती सापडत नाही.

डिसेंबरमध्ये छान झालेली बॅच एप्रिलमध्ये सच्छिद्र का येते?

एसी नसलेल्या खोलीत हे ठरलेले आहे. डीसीएम समुद्रसपाटीला ३९.६ अंशांना उकळते. नाशिक जवळजवळ ५८० मीटर उंचीवर आहे, इथे ते साधारण दोन अंश आधीच उकळायला लागते. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३८ ते ४० वर असताना तुम्ही डीसीएम हळूहळू उडवत नसता, थेंबाच्या आत उकळत असता. बुडबुडे कवचाला भोके पाडतात. असे कण पाण्यावर तरंगतात, लेझरवर आकार नेहमीचाच दिसतो आणि बर्स्ट मात्र दुप्पट. आकार तोच, औषध सोडायचा पृष्ठभाग वेगळा.

उपाय साधा: भांडे २५ अंशांच्या पाण्यात ठेवा आणि वाचन दर अर्ध्या तासाला लिहा. उलट थंडीत, निफाडचा पारा एक आकडी होतो त्या दिवसांत, डीसीएम रेंगाळते, पीव्हीए घट्ट होतो, कण मोठे होतात आणि कणांत सॉल्व्हंट उरते. औषधात उरणाऱ्या डीसीएमची आयसीएच (औषधांच्या आंतरराष्ट्रीय निकषांची संस्था) मर्यादा ६०० पीपीएम आहे. गॅस क्रोमॅटोग्राफीशिवाय ती अंदाजाने सांगता येत नाही.

उडवताना मध्येच वीज गेली तर बॅच टाकून द्यावी का?

ढवळणे थांबले आणि थेंब अजून मऊ असतील तर ते तळाला बसून एकमेकांना चिकटतात. पहिल्या तासात गेली तर बॅच गेलीच समजा. दोन तासांनंतर गेली तर काचेच्या कांडीने हाताने ढवळत राहा, वीज आल्यावर स्लाइड बघा. जुळे आणि डंबेल दिसत नसतील तर पुढे जा, पण वहीत नोंद करा आणि ती बॅच तुलनेच्या प्रयोगात वापरू नका.

आकाराचा परिणाम नीट सिद्ध करायचा असेल तर प्रयोग कसा मांडायचा?

तीन वेगांवर तीन बॅच बनवून तुलना करू नका. वेगाबरोबर औषध किती अडकले, छिद्रे किती आणि कण किती लवकर घट्ट झाला, हेही बदलते. मग फरक आकारामुळे पडला की बाकी कशामुळे, हे सांगता येत नाही. एकच मोठी बॅच करा आणि ती चाळा: २५ ते ४५, ४५ ते ७५, ७५ ते १२५ मायक्रॉन. एएसटीएम चाळण्यांत हे क्रमांक ५००, ३२५, २०० आणि १२०. पॉलिमर तोच, औषध तेच, दिवस तोच, भांडे तेच.

तरीही एक खाच आहे. एकाच बॅचमधल्या लहान कणांत औषध बऱ्याचदा कमी अडकलेले असते, कारण घट्ट होईपर्यंत त्यांच्यातून जास्त गळून जाते. पाण्यात विरघळणारे औषध आणि डबल इमल्शन असेल तर हा फरक मोठा असतो. प्रत्येक भागाचे लोडिंग वेगळे काढा आणि रिलीजची टक्केवारी त्या भागाच्या स्वतःच्या लोडिंगवर काढा. सगळ्यांना एकच सरासरी लोडिंग लावले, तर लहान कण ८० टक्क्यांवर थांबलेले आणि मोठे ११० टक्क्यांवर गेलेले दिसतात, आणि व्हायव्हामध्ये पहिला प्रश्न तिथेच येतो.

चाळताना कोरडी पूड ब्रशने दाबू नका. स्थिर विजेने कण जाळीला चिकटतात आणि मोठे कण दाबाने खाली उतरतात. पाण्याच्या धारेखाली, अधूनमधून उलटे धुवून.

रिलीज टेस्टमध्ये आकारामुळे कोणत्या चुका होतात?

नळी उभी करून वरचे पाणी काढताना बारीक कण त्याबरोबर निघून जातात. ते कण आणि त्यांतले औषध दोन्ही हिशेबातून जातात, आणि शेवटी एकूण ८५ टक्क्यांवर अडकते. ३००० आरपीएमवर ५ मिनिटे फिरवून मगच घ्या आणि तळाशी बसलेला गाळ ताज्या बफरमध्ये पुन्हा नीट पसरवा. फिरवून घट्ट झालेली वडी तशीच राहिली तर १० मायक्रॉनचे कण ५ मिमीच्या एका तुकड्यासारखे वागतात.

२० टक्के लोडिंगचे २० मिग्रॅ कण म्हणजे ४ मिग्रॅ औषध. ते ४० मिली बफरमध्ये पूर्ण सुटले तर मिलीलीटरमागे ०.१ मिग्रॅ. सिंक कंडिशनसाठी, म्हणजे माध्यम औषधाने भरत येऊन रिलीज अडू नये यासाठी, विद्राव्यता निदान तिप्पट, म्हणजे ०.३ मिग्रॅ असायला हवी. नसेल तर माध्यम वाढवा, नाहीतर लहान कणांचा वेग कृत्रिमरीत्या दाबला जातो.

बफर: पीएच ७.४, ३७ अंश, ०.०२ टक्के ट्वीन ८० आणि बुरशी टाळायला ०.०२ टक्के सोडियम अझाइड. पीएच आठवड्याला तपासा. ७ च्या खाली गेला तर सगळे माध्यम बदला. वाचन १ तास, ६ तास, २४ तास, मग ३, ७, १०, १४, २१, २८ आणि पुढे आठवड्याला. पहिल्या दिवसाची तीन वाचने गाळली तर बर्स्ट किती आणि विसरण किती हे नंतर कुठूनही काढता येत नाही.

महिना थांबायला वेळ नाही. ४५ अंशांवर चालेल का?

बॅचची एकमेकींशी तुलना करायला चालेल. महिन्याचा आलेख त्यातून काढायला नाही, निदान आधी जुळवून दाखवल्याशिवाय नाही. पीएलजीए पाण्याने भिजला की त्याचे ग्लास ट्रान्झिशन तापमान कोरड्यापेक्षा बरेच खाली येते, आणि ४५ अंशांवर तो रबरासारखा मऊ होतो. पृष्ठभागाची छिद्रे बुजतात, कण एकमेकांना चिकटतात. आकाराचा परिणाम बघायचा प्रयोग असा गरम केला तर आकारच उरत नाही.

थिसिसमध्ये हिगुची, कोर्समेयर-पेप्पास वगैरे लावायचे का?

ही रिलीजच्या आलेखाला बसवायची समीकरणे आहेत. लावा, पण जपून. कोर्समेयर-पेप्पास पहिल्या ६० टक्क्यांपर्यंतच लागू आहे आणि गोल कणासाठी विसरणाचा घातांक ०.४३ असतो. ०.५ हा पातळ फिल्मचा आकडा, तो गोलाला लावलेला सर्रास दिसतो. शिवाय हे समीकरण सगळे कण एकाच आकाराचे धरते. पसरलेल्या बॅचमध्ये घातांक ०.४३ च्या खाली येतो, आणि त्याचा अर्थ कोणतीही नवी यंत्रणा असा नसतो. तीन टप्प्यांच्या आलेखाला एकच समीकरण लावून मिळालेला ०.९८ चा आर-वर्ग (रेषा किती जुळली त्याचे माप) काही सिद्ध करत नाही.

फ्रीझ ड्रायरमधून पूड न येता पापड का येतो?

आत उरलेले डीसीएम पॉलिमरला मऊ करते. त्यात शेल्फ लवकर गरम केला की कण चिकटतात. ढवळण्याचा वेळ वाढवा, नीट धुवा, गोठवण्याआधी २ ते ५ टक्के मॅनिटॉल घाला आणि दुसऱ्या टप्प्यात शेल्फ २५ अंशांच्या वर नेऊ नका. पावसाळ्यात फ्रीजमधून काढलेली कुपी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत दव धरते आणि पीएलजीए तिथेच तुटायला लागतो.

लहान बॅच मोठी करताना आकार कसा राखायचा?

घनफळामागची ऊर्जा सारखी ठेवून सुरुवात करा: वेगाचा घन गुणिले पात्याच्या व्यासाचा वर्ग. ५ सेंमीच्या पात्याला १००० आरपीएम असेल तर तशाच घडणीच्या २० सेंमीच्या पात्याला सुमारे ४०० येते. टोकाचा वेग सारखा ठेवला तर २५० येते. खरा आकडा बहुधा या दोहोंच्या मध्ये किंवा आसपास सापडतो, चाचणी बॅचने. पण मोठ्या टाकीत खरी अडचण पात्याची नसते, डीसीएम निघण्याची असते. घनफळाच्या मानाने उघडा पृष्ठभाग कमी झालेला असतो, कण उशिरा घट्ट होतात आणि तोवर औषध गळते. आकार जुळला आणि रिलीज जुळला नाही, तर तिकडे बघा.

सुई किती जाडीची लागते? मग सरळ मोठेच कण का करत नाहीत?

२१ गेजच्या सुईचे आतले भोक सुमारे ०.५१ मिमी, २३ गेजचे ०.३४ मिमी. १०० मायक्रॉनचा एक कण दोन्हींतून सहज जातो. अडकते ती गर्दी: दोन-तीन कण तोंडाशी एकमेकांवर कमान करतात आणि सिरिंज थांबते. भोकाच्या एक तृतीयांशापेक्षा मोठे कण नकोत, त्याहून कमी असतील तर बरे. द्रावणही थोडे घट्ट लागते, नाहीतर मोठे कण सिरिंजमध्येच खाली बसतात. म्हणून सोबतच्या डायल्युएंटमध्ये (पूड कालवायच्या द्रवात) कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज असते. दुसऱ्या टोकाला, १० मायक्रॉनखालचे कण मॅक्रोफेज पेशी गिळू शकतात. लस असेल तर ते हवेच असते, महिनाभर औषध सोडणाऱ्या इंजेक्शनसाठी, म्हणजे डेपोसाठी, नको असते.

बाजारातल्या औषधांत हे कुठे दिसते?

रिस्पर्डल कॉन्स्टा (रिस्पेरिडोन, अमेरिकेत २००३) हे सगळ्यात बोलके उदाहरण. ७५:२५ पीएलजीए. इंजेक्शननंतर लगेच १ टक्क्याहूनही कमी औषध सुटते, मुख्य रिलीज तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होतो आणि तोवर रुग्णाला गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. तो सपाट भाग म्हणजे पॉलिमर तुटण्याची वाट पाहणे. व्हिव्हिट्रॉल (२००६, नाल्ट्रेक्सोन ३८० मिग्रॅ) त्याच प्रमाणाच्या पॉलिमरचा, पण त्यात पहिल्या काही तासांतच एक शिखर येते, दोन-तीन दिवसांनी दुसरे, आणि रक्तातली पातळी महिनाभर मोजता येते. पॉलिमर एका जातीचा, आलेख दोन जातींचे. ल्युप्रॉन डेपो (ल्युप्रोलाइड, १९८९) २३ गेजच्या सुईने जाते, व्हिव्हिट्रॉलला २० गेजची लागते.

घरातल्या माणसाला असे इंजेक्शन चालू आहे. कुपी नीट हलवली नाही तर काय होते?

मोठे कण तळाला राहतात किंवा सुईत अडकतात आणि डोस अपुरा जातो. शिवाय जे गेले त्यात लहान कणांचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे सुरुवातीला औषध जरा जास्त आणि शेवटच्या आठवड्यांत कमी पडू शकते. पाकिटातले डायल्युएंट आणि पाकिटातलीच सुई वापरायची, दुकानातली बारीक सुई ‘दुखू नये’ म्हणून लावायची नाही. कालवल्यावर पत्रकात लिहिलेल्या वेळेत द्यायचे. पहिल्या इंजेक्शननंतर गोळ्या किती दिवस चालू ठेवायच्या, हे डॉक्टरांना विचारून औषधाच्या पाकिटावरच लिहून ठेवा.